ठेका दिला म्हणजे जबाबदारी संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक सेवा सरकारने चालवाव्यात की खासगी कंपन्यांनी, यावर आपल्याकडे तावातावाने बोलले जाते. पण करारात काय लिहिले आहे आणि ते पाळले जाते की नाही हे कोण तपासतो, हे विचारायला फारसे कोणी जात नाही. पुणेकरांनी ते विचारायलाच हवे.

पुण्याची शहर बससेवा चालवणाऱ्या पीएमपीचेच बघा. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र होऊन ही कंपनी झाली. आज तिच्या ताफ्यातला मोठा हिस्सा ठेकेदारांचा आहे. त्यात वाईट काही नाही. २०१९ पासून शहरात ई-बस आल्या त्या याच पद्धतीने. या गाड्यांवर चालक ठेकेदाराचा असतो आणि वाहक पीएमपीचा. ठेकेदाराला पैसे मिळतात ते धावलेल्या किलोमीटरवर. तिकिटाचे उत्पन्न पीएमपीकडे जाते. म्हणजे गाडी भरून गेली काय किंवा रिकामी, ठेकेदाराच्या बिलात फरक पडत नाही. चालकाने थांबा सोडून भर रस्त्यात गाडी उभी केली आणि हातात पिशव्या घेतलेल्या आजीबाईंना मागून धावावे लागले, तर त्याचा जाब विचारायला दंडाची तरतूद आणि ती लावणारा तपासनीस एवढेच साधन उरते. तपासनीसच कमी पडले तर करार कपाटातच राहणार.

याची दुसरी बाजूही आहे. मार्च २०२३ मध्ये थकलेल्या बिलांसाठी ठेकेदारांनी गाड्या बंद ठेवल्या आणि हाल झाले ते प्रवाशांचे. बिले वेळेवर न देणारी यंत्रणा ठेकेदाराला शिस्त कोणत्या तोंडाने लावणार? पीएमपीची तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरते, म्हणजे आपणच भरतो. जून २०२५ पासून किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झाले. एवढे मोजल्यावर हिशेब मागण्याचा हक्क आपला आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या टोलची आकडेवारी लोकांपुढे यावी म्हणून माहिती अधिकार कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. तीच वेळ पुन्हा येऊ नये, कारण हिंजवडी ते शिवाजीनगर ही २३ किलोमीटरची मेट्रो पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) खासगी भागीदारीत उभारायला घेतली आणि तिचा करार ३५ वर्षांचा आहे. आज शाळेत जाणारी मुले चाळिशी गाठतील तोवर तो लागू असेल. भाडे कसे वाढणार, फेऱ्या कमी झाल्या तर दंड किती, स्थानकापासून पुढे पीएमपीची जोडबस कोणी द्यायची, या गोष्टी सामान्य प्रवाशाला समजतील अशा मराठीत संकेतस्थळावर हव्यात. अर्ज करून, अपिलात जाऊन मिळवाव्या लागू नयेत.

पीएमपीनेही दर महिन्याला ठेकेदारनिहाय रद्द फेऱ्या, बंद पडलेल्या गाड्या, लावलेला दंड आणि प्रत्यक्ष वसूल झालेला दंड जाहीर करावा. ही माहिती बिले तपासताना तयार करावीच लागते, त्यामुळे वेगळा खर्च नाही. दोन्ही महापालिकांनी तूट भरण्याआधी ही आकडेवारी मागावी, एवढी या पत्राद्वारे विनंती.

आपला,
एक प्रवासी, सिंहगड रस्ता, पुणे