केस बांधून दिलेस, ताई

प्रिय ताई,

काल रात्री पडदा बाजूला झाला आणि पलीकडे तू उभी होतीस. सोरोरिटीत, म्हणजे इथल्या अमेरिकी कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेत, नव्या मुलीला सांभाळायला एक थोरली बहीण मिळते. आता तू माझी ‘बिग’, म्हणजे थोरली, आणि मी तुझी ‘लिटल’, धाकटी. सगळ्याजणी टाळ्या वाजवत होत्या आणि मी हुंदके देत होते. ऑक्टोबरपासून साचलेलं ते एकदम बाहेर आलं. तोंडाने काही सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. तुला देवनागरी ओळीवर बोट ठेवून वाचावी लागते हे मला ठाऊक आहे. सावकाश वाच. हे इंग्रजीत मला सांगता येणार नाही. आणि उघडपणे अशासाठी लिहितेय, की तुझ्यासारखी मुलगी असते हे चार लोकांना कळायला हवं.

वर्कशॉपमधली ती संध्याकाळ तुझ्या लक्षात नसेलही. आमच्या गटाला छोट्या गाडीचा आस करायचा होता. चौघांत मी एकटी मुलगी. लेथजवळ, म्हणजे धातूची सळई फिरवत कापायच्या यंत्राजवळ, गेले तर देखरेखीच्या माणसाने माझ्या वेणीकडे बोट दाखवलं आणि मागे व्हायला सांगितलं. त्याचं बरोबरच होतं. सळई पकडणाऱ्या फिरत्या चकमध्ये केस सापडले तर काय होतं, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, वाढलेल्या मुलीला वेगळं सांगायला नको. पण माझ्या गटातले तिघे लगेच म्हणाले, “मग तू रिपोर्ट कर, हे आम्ही बघतो.” सहा आठवडे हेच चाललं होतं. तक्ते मी आखायचे, आलेख मी काढायचे, स्पेलिंग मी तपासायची आणि यंत्राला हात त्यांनी लावायचा. दांडगाई केली असती तर मी भांडले असते. ते हसतमुखाने, मला मदत केल्यासारखं काम काढून घेत होते. तिघांपैकी एकालाही सुचलं नाही की वेणी बांधता येते.

मी सॅक उचलली आणि शेजारच्या लेथवरून आवाज आला, “थांब गं.” घरचे फोन सोडले तर सहा आठवड्यांत कानावर पडलेलं ते पहिलं मराठी. नोंदवहीत माझं आडनाव वाचलं होतंस म्हणे. तू तुझं मशीन बंद केलंस, फडक्याला हात पुसलेस, मनगटावरचा काळा रबर काढलास आणि माझ्या मागे उभी राहून वेणीचा अंबाडा घातलास. हाताला कूलंटचा वास होता. “घट्ट झालं का?” एवढंच विचारलंस. मग मला बाह्या दुमडायला लावल्यास, अंगठी काढायला लावलीस, चकची किल्ली माझ्या हातात दिलीस आणि दोन पावलं मागे सरलीस.

ताई, ती दोन पावलं मी विसरणार नाही. हात पाठीमागे बांधून तू उभी होतीस. माझा पहिला कट वाकडा गेला तरी पुढे आली नाहीस. चालू करण्याआधी किल्ली चकमधून काढली का, एवढं एकदा विचारलंस. एक इंची अ‍ॅल्युमिनियमची सळई मी पाऊण इंचावर आणली. चकचकीत साल गुंडाळत गुंडाळत बाहेर पडत होती आणि मला घरचा कारखाना आठवत होता. बाबांचे तिथे दोन लेथ आहेत. लहानपणापासून मी ऐकत आले, “तिकडे जाऊ नको, केस अडकतील.” काळजीच होती ती, मला कळतं. पण धाकट्या भावाला बाबांनी बाराव्या वर्षी स्टुलावर उभं करून हँडव्हील फिरवायला दिलं, आणि मी दारातून बघत राहिले.

पुढे तू फाय सिग्मा रो या सोरोरिटीचं नाव काढलंस तेव्हा मी बिचकलेच होते. आई तर फोनवर म्हणाली, “म्हणजे महिला मंडळच ना?” मी तिला १९८४ची गोष्ट सांगितली, तू मला सांगितली होतीस तशी. पर्ड्यू विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या रश्मी खन्ना आणि अ‍ॅबी मॅक्डोनाल्ड या दोघींना सोरोरिटीत जायचं होतं, पण तिथल्या प्रवेशाचे ठरलेले कार्यक्रम अभ्यासाच्या वेळापत्रकात बसेनात. मग त्यांनी स्वतःचीच काढली, इंजिनिअरिंगच्या मुलींची. हे नुसतं ऐकताना छान वाटलं होतं. पटलं त्या गुरुवारी. माझी लॅब नऊपर्यंत होती, म्हणून येणं जमणार नाही असं कळवलं. तुझं उत्तर आलं, “लॅब संपवून ये, आम्ही आहोत.” मी पोचले तेव्हा पिझ्झा गार झाला होता, निम्म्याजणी जमिनीवर बसून गणितं सोडवत होत्या आणि उशीर का झाला असं एकीनेही विचारलं नाही. सरकून मला जागा करून दिली.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत उतरल्या तेव्हा त्यांना कार्पेंटरबाईंनी घरात ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. शाळेत हे वाचलं होतं तेव्हा मला फक्त त्यांची डिग्री मोठी वाटली होती. आता त्या मावशीचंच जास्त मनात येतं. परक्या मुलीसाठी कुणीतरी आपलं दार उघडं ठेवलं होतं. तू शिकागोजवळ वाढलीस, तुला आजवर कुणी ताई म्हटलं नव्हतं म्हणालीस. मला दुसरी हाक सुचलीच नाही.

तो आस मी घरी व्हिडिओ कॉलवर दाखवला. बाबांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला आणि म्हणाले, “फिनिश चांगला आलाय.” मग विचारलं, “केस?” मी म्हटलं, “ताईने बांधून दिले.” बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “सुट्टीला आलीस की खाली ये, आपल्या लेथवर बघू.”

मे महिन्यात मी जातेय, ताई. काल तू दिलेल्या टोपलीत काळ्या रबरांचं अख्खं पाकीट होतं, त्यावरूनच पडद्यामागे कोण आहे ते मी ओळखलं होतं. ते पाकीट वापरीन. पण तो पहिला रबर सैल झालाय तरी मी ठेवलाय, आणि तो परत मिळणार नाही.

तुझी,
लिटल