म्युलरांच्या देशातून

म्युनिक

ती. आबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आजीच्या गुडघ्याचं वाचलं, त्यावर शेवटी लिहिते. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मागच्या फोनवर मी आमच्या वॉर्डातल्या म्युलर आजींचं काहीतरी सांगत होते, तर तुम्ही मला मधेच तोडून विचारलंत, "गेर्ड म्युलरच्या भावकीतल्या का?" आणि आता पत्रातही तेच, तुमच्या त्या लाडक्या जर्मन फुटबॉलपटूचं नाव. नाहीत हो आबा. इथं म्युलर हे सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे. शिरोळच्या एखाद्या पाटलाला 'कागलचे अमुक पाटील तुमचे कोण?' असं विचारण्यातला प्रकार. पण आपल्याकडे निदान मधे बापाचं नाव असतं, नाहीतर गावाचं शेपूट तरी. इथं नुसतं नाव आणि आडनाव, मधे काहीच नाही.

आमच्या वॉर्डात त्यामुळे कायम सावध राहावं लागतं. एकाच वेळी दोन-तीन म्युलर दाखल असणं अगदी रोजचं. मग फायलींवर 'सारखं नाव' म्हणून इशाऱ्याची चिठ्ठी चिकटवायची, मनगटावरचा पट्टा वाचायचा, आणि गोळी देण्याआधी नाव आणि जन्मतारीख पेशंटच्याच तोंडून वदवून घ्यायची. "तुम्ही म्युलर आजी ना?" असं विचारायला मनाई आहे. ऐकू कमी येणारी माणसं कशालाही मान डोलावतात, मग दुसरीची रक्तदाबाची गोळी हिच्या पोटात. आमच्या या म्युलर आजींना रोज रोज जन्मतारीख सांगायचा इतका कंटाळा येतो, की मी दारात दिसले की पाण्याचा घोट घेण्याआधीच त्या खडाखडा तारीख म्हणून मोकळ्या होतात. फुटबॉल त्यांना अजिबात आवडत नाही. तेवढं मात्र मी मुद्दाम विचारलं, तुमच्यासाठी.

पण तुमच्या गेर्ड म्युलरच्या गावाला मी जाऊन आले! सुट्टी होती, हवा बरी होती. म्युनिकहून डोनाव्योर्टला जायचं, तिथं छोटी गाडी पकडायची, की नर्डलिंगन. या गावाची गंमत अशी, की सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी इथं आकाशातून उल्का आदळली आणि त्या खड्ड्यात आज हे गाव वसलंय. गावाभोवतीचा तट अजून पूर्ण शाबूत आहे, त्यावरून चालत सगळ्या गावाला वेढा घालता येतो. वर छप्पर असल्यामुळे पावसातही भिजायला होत नाही. आपल्या पन्हाळ्यावर अशी सोय केली तर पर्यटक तिथून खाली उतरायचेच नाहीत. १९४५ च्या ३ नोव्हेंबरला याच गावात तो जन्मला. इथल्याच क्लबकडून खेळायला लागला, आणि २००८ मध्ये गावानं स्टेडियमला त्याचं नाव दिलं. स्टेडियम म्हणजे काही विशेष नाही. आपलं शाहू स्टेडियम त्यापुढे राजवाडा वाटेल, आणि आपल्याकडचा आरडाओरडा तर तिथं औषधालाही नाही. पण फाटकावर ती अक्षरं वाचताना तुमची फार आठवण झाली.

१९६४ मध्ये तो इथल्या बायर्न म्युनिक क्लबकडे आला तेव्हा बायर्न अजून वरच्या लीगमध्येही नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं का? आखूड पाय, मांड्या दणकट. त्यांचा कोच चायकोव्स्की युगोस्लाव्हियाचा होता, तो आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्याला 'छोटा जाडा म्युलर' म्हणायचा. त्या छोट्या जाड्यानं पुढं बुंडेसलीगामध्ये, म्हणजे त्या वरच्या लीगमध्ये, ४२७ सामन्यांत ३६५ गोल मारले आणि देशासाठी ६२ सामन्यांत ६८. म्हणजे सामन्यामागे एकाहून जास्त! तुम्ही नेहमी सांगता तो १९७४ च्या वर्ल्ड कप फायनलचा गोल मी इथं किती वेळा बघितलाय. तुम्हाला तेव्हा तो पेपरातच वाचावा लागला होता, म्हणून जरा सावकाश सांगते. हाफटाइमला दोनच मिनिटं उरलेली, धावफलक एक-एक. उजवीकडून बॉनहॉफ चेंडू आत टाकतो. म्युलर धावत येतो, पण पहिल्याच स्पर्शाला चेंडू त्याच्या मागं राहतो. दुसरा कुणी असता तर तिथंच संधी गेली असती. हा जागच्या जागी थांबतो, वळतो, आणि जमिनीलगत असा काही ढकलतो की हॉलंडचा गोली हलतसुद्धा नाही. जोर फार नाही, दिसायलाही देखणा नाही. पण वर्ल्ड कप त्यावर आला. त्याच रात्री त्यानं देशाकडून खेळणं थांबवलं. वय २८.

पुढचं मात्र वाईट आहे. फ्लोरिडात जाऊन खेळला, तिथं हॉटेल काढलं, मग दारूच्या नादी लागला. परत आला तेव्हा उली होनेससारख्या जुन्या सोबत्यांनी त्याला धरून उपचाराला नेलं आणि बायर्नच्याच पोरांना शिकवायला ठेवलं. तिथं तो बरीच वर्षं टिकला. २०१५ मध्ये क्लबनं जाहीर केलं की त्याला अल्झायमर झालाय. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तो गेला. माझ्या वॉर्डात असे बरेच पेशंट असतात, स्वतःचं नावही हातातून निसटलेले. त्यामुळे ते ३६५ गोल शेवटी त्यालाच आठवत नसतील, हा विचार मला फार वेळ सोडत नव्हता. असो.

आता आपल्या मॅराडोनाभक्त दादाला ही गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवा. गेर्ड म्युलर बायर्नच्या दुसऱ्या टीमचा सहायक कोच होता, तेव्हा त्याच्या हाताखाली एक काडीपैलवान पोरगा खेळत होता, टोमास म्युलर. नात्याचा नाही, फक्त आडनावाचा. २०१० च्या मार्चमध्ये म्युनिकलाच अर्जेंटिनाविरुद्ध तो देशासाठी पहिल्यांदा खेळला. सामना अर्जेंटिनानं जिंकला. नंतर पत्रकार परिषदेत हा पोरगा येऊन बसला, तर तेव्हा अर्जेंटिनाचा कोच असलेल्या मॅराडोनाला वाटलं की हा चेंडू उचलणारा बॉलबॉय आहे, आणि साहेब त्याच्याशेजारी बसेनात! चारच महिन्यांनी केपटाउनला वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल. प्रशिक्षक मॅराडोना बाजूला उभा, आणि तिसऱ्याच मिनिटाला त्या बॉलबॉयचा हेडर जाळ्यात. जर्मनी ४, अर्जेंटिना ०. त्या स्पर्धेचा गोल्डन बूटही त्यालाच मिळाला. देशाकडून खेळताना दोन्ही म्युलरांच्या पाठीवर नंबर एकच, १३. दादाला म्हणावं, नाद खुळा!

आणि या दोघांच्या मधे तिसराही एक आहे, जो कुणाच्या लक्षात राहत नाही. गेर्ड थांबला आणि दोनच वर्षांत, १९७६ च्या युरो कपच्या सेमीफायनलला, बेलग्रेडमध्ये जर्मनी मागे पडलेली असताना डीटर म्युलर नावाचा पोरगा बदली म्हणून उतरला. देशाकडून पहिलाच सामना, आणि तीन गोल! पुढच्या वर्षी कोलोन क्लबकडून त्यानं एकाच सामन्यात सहा मारले. बुंडेसलीगातला तो विक्रम अजून मोडलेला नाही. पण त्या दिवशी टीव्हीच्या कॅमेरावाल्यांचा संप होता, त्यामुळे चित्रण म्हणून काही नाही. नशीब म्हणतात ते हेच. गंमत म्हणजे हा जन्मानं म्युलर नव्हेच. सावत्र बापाचं आडनाव लावलं म्हणून म्युलर झाला.

एवढे म्युलर म्हटल्यावर ओळखायचं कसं, यावर इथल्या लोकांनी शतकानुशतकं डोकं चालवलंय. तुम्हाला केसरीवाडा आणि लोकमान्य म्हटलं की हुरूप येतो, म्हणून आधी मोक्षमूलर भट्टांचं सांगते. मोक्षमूलर म्हणजे संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्युलर, ते १८२३ मध्ये डेसाउ गावात जन्मले. वडील कवी, शूबर्टनं त्यांच्या कवितांना चाली लावल्यात. हे इंग्लंडात गेले तेव्हा त्यांना वाटलं की नुसतं म्युलर म्हणजे गर्दीत हरवल्यासारखंच. मग मॅक्स हे पाळण्यातलं नाव त्यांनी आडनावालाच जोडून टाकलं, आणि पोरंबाळंही 'मॅक्स म्युलर' हेच आडनाव लावू लागली. ज्या माणसानं ऋग्वेद सायणभाष्यासकट सहा खंडांत छापून काढला, तो हिंदुस्थानात एकदाही आला नाही. पण टिळक १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले, तेव्हा यांनी त्यांना ऋग्वेदाची प्रत पाठवली आणि सुटकेच्या अर्जावर सहीही केली. पुण्यात आणि मुंबईत जर्मन शिकायची जागा त्यांच्या नावानं उगाच नाही. मी व्हिसासाठी तिथं जर्मनच्या बी-वन, बी-टू या परीक्षांची घोकंपट्टी करत होते, तेव्हा भिंतीवरच्या त्या नावाकडे मान वर करून बघायलाही वेळ नव्हता.

दुसऱ्या एकानं जिल्ह्याचं नाव जोडलं. स्वित्झर्लंडच्या थुर्गाउ भागातला हेरमान म्युलर, म्हणून म्युलर-थुर्गाउ. त्यानं १८८२ मध्ये द्राक्षाचा नवा संकर केला आणि ती जातच त्याच्या नावानं ओळखली जाते. इथं ती पांढऱ्या वाइनसाठी लावतात. शंभरेक वर्षं सगळे समजत होते की रीसलिंग आणि सिल्व्हानर हे तिचे आईबाप. मग डीएनए तपासला तर सिल्व्हानरचा संबंधच नाही, दुसरंच झाड निघालं, माडलेन रॉयाल. द्राक्षाच्या बापाचीसुद्धा चौकशी करून ठेवतात हे लोक. तासगावच्या मामांना सांगा, हसतील.

लॅटिनची हौस असलेल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. पंधराव्या शतकातला ज्योतिर्विद योहानेस म्युलर हा फ्रँकोनियातल्या कोनिग्सबेर्गचा, तर त्याच्या गावाच्या नावाचं लॅटिन करून त्याला रेगिओमोंटानुस म्हणतात, आणि म्युलर कुणाच्या ध्यानातही येत नाही. १९२८ ते ३० मध्ये जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे आपल्या पंतप्रधानासारखा, असलेल्या हेरमान म्युलरला संसदेत म्युलर-फ्रँकन म्हणायचे, कारण सभागृहात आणखी म्युलर बसलेले.

एक शेपूट मात्र असं की ऐकून अंगावर काटा येतो. हाइनरिश म्युलर, याच म्युनिकचा, हिटलरच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. त्याच नावाचा आणखी एक बडा अधिकारी होता, म्हणून याला आपसात 'गेस्टापो म्युलर' म्हणायचे. लाखो ज्यूंना मारण्याच्या बेताची आखणी झाली त्या १९४२ च्या बैठकीत हा हजर होता. १९४५ च्या मे महिन्यात बर्लिन पडलं आणि हा गायब झाला, तो पुन्हा कधी दिसलाच नाही. आमच्याकडच्या वयस्कर पेशंटांसमोर त्या काळाचा विषय मी आपणहून काढत नाही. ते बोलले तर ऐकते.

नोबेलवालेही म्युलर आहेतच. त्यातला पाउल म्युलर हा स्विस माणूस तुमच्या घरापर्यंत आलेला आहे. डीडीटीनं किडे मरतात हे १९३९ मध्ये त्यानं दाखवलं, १९४८ मध्ये नोबेल मिळालं, आणि १९५३ पासून आपल्याकडे मलेरियाविरुद्ध सरकारी मोहीम निघाली. तुम्हीच सांगता ना, फवारणीवाले आले की घरातली भांडीकुंडी अंगणात काढावी लागायची आणि भिंतींना पांढरे डाग पडायचे? ते त्याचं. पुढं त्या पावडरीनं पक्ष्यांचं आणि पाण्याचं काय वाटोळं केलं ते निराळं.

पण या सगळ्यांत मला जवळची वाटते ती हेर्टा म्युलर. रुमानियातल्या जर्मन बोलणाऱ्या खेड्यातली ही लेखिका, १९८७ मध्ये तिकडून बाहेर पडून बर्लिनला आली, २००९ मध्ये नोबेल. त्या वेळचं तिचं भाषण मी माझ्या तुटपुंज्या जर्मनमध्ये, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. लहानपणी घरातून निघताना आई रोज विचारायची, हातरुमाल घेतलास का? पुढं ती एका कारखान्यात भाषांतराचं काम करत होती. गुप्त पोलिसांची खबरी व्हायला तिनं नकार दिला. मग एका सकाळी कारखान्यातली तिची कामाची खोली काढून घेतलेली, सामान दाराबाहेर. घरी बसली असती तर गैरहजर म्हणून नोकरी गेली असती, म्हणून तिनं जिन्याच्या पायरीवर हातरुमाल अंथरला, त्यावर बसली आणि डिक्शनऱ्या मांडीवर घेऊन काम करत राहिली. किती साधी गोष्ट, पण मला ती मोठमोठ्या निषेधाच्या भाषणांपेक्षा मोठी वाटली. आजीला ही तेवढी वाचून दाखवा. कोल्हापूर स्टँडवर गाडी सुटेपर्यंत तीही मला 'रुमाल, डबा, पाण्याची बाटली' करत होती.

बाकी इथं शाम्पू घ्यायचं दुकान म्युलरचं आणि फ्रिजमधलं ताकासारखं दूध दुसऱ्याच म्युलरचं. या दोघांचाही एकमेकांशी काही संबंध नाही, तुम्ही विचारायच्या आधीच सांगते.

आता गुडघा. आजीला म्हणावं, दुखतं म्हणून नुसतं बसून राहू नको. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, मनात दहा मोजायचे, खाली. दोन्ही पाय, दिवसातून दोनदा. तेलाच्या मालिशीनं बरं वाटत असेल तर करा, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. एक्सरेचा फोटो दादाला पाठवायला सांगा. आणि तुमची साखर किती आली ते पत्रात कुठंच नाही, हे माझ्या लक्षात आलंय.

डिसेंबरमध्ये इथला एक सहकारी सांगलीला घरी चाललाय, त्याच्याबरोबर जर्सी पाठवते. साइज कळवा, आणि दादाला नको असली तरी त्याचीही कळवा.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
बेबी