परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र : अणुभट्टीवर कुणी हल्ला करणार नाही, एवढं तरी लिहून घ्या

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार यांस,

सविनय नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. २४ फेब्रुवारी २०२२ ला सकाळी साडेआठच्या सुमारास मी शाळेचा डबा भरत होते, तेव्हा लेकीचा फोन आला. ती युक्रेनमधल्या खार्कीव्हला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिकडे पहाटेचे पाच वाजलेले. ‘आई, खिडक्या हादरतायत,’ एवढंच म्हणाली आणि फोन कट झाला. त्या दिवशी डबा ओट्यावरच राहिला.

पुढचे सहा दिवस ती वसतिगृहाच्या तळघरात होती. चार्जिंग पुरावं म्हणून फोन बंद ठेवायची आणि दिवसातून दोनदा चालू करून ‘ठीक आहे’ असं लिहायची. ते दोन शब्द आले की मगच आमच्याकडे चूल पेटायची. १ मार्चला कर्नाटकातला एक विद्यार्थी खायचं सामान आणायला बाहेर पडला आणि गोळाबारीत गेला. २ मार्चला आपल्या दूतावासाची सूचना आली : असाल तसे खार्कीव्ह सोडा, गाडी नसेल तर पायी निघा, संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाय किंवा बेझल्युदिव्हका गाठा. पिसोचिन अकरा किलोमीटरवर. लेक आणि तिच्या मैत्रिणी बर्फातून चालत गेल्या. बॅगेचं ओझं पेलवेना तेव्हा तिने जाडजूड पुस्तकं रस्त्याच्या कडेला ठेवली. फेकली नाहीत, एकावर एक नीट रचून ठेवली. कुणीतरी उचलून नेईल म्हणून.

तिला तुमच्या खात्याने सुखरूप घरी आणलं. ऑपरेशन गंगामधून साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परतले. सुमी शहरात अडकलेल्या जवळजवळ सातशे मुलांसाठी तर पंतप्रधानांनी पुतिन आणि झेलेन्स्की या दोघांशीही बोलणं केलं आणि दुसऱ्या दिवशी बसगाड्या निघाल्या. हे उपकार मी विसरलेले नाही. उलट, त्यामुळेच लिहिण्याचं धाडस करते आहे. आपल्या देशाचा शब्द दोन्हीकडे ऐकला जातो, हे मी माझ्या लेकीच्या रूपाने घरात पाहिलं आहे.

मागायचं ते आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायला आपल्याला सोपं जाईल. आपण पाकिस्तानशी १९८८ साली केला तसा, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा लेखी करार रशिया आणि युक्रेनमध्ये व्हावा, आणि त्यासाठी भारताने पुढाकार घ्यावा. दुसरं, अण्वस्त्रांच्या धमक्यांबद्दल आपण इस्लामाबादला जे बजावतो, ते मॉस्कोलाही उघडपणे सांगावं.

आता हे मला का सुचलं ते सांगते.

लेकीच्या वसतिगृहाच्या वॉर्डन बाई साठी उलटलेल्या. आपली मुलं त्यांना ‘बाबुश्का’ म्हणायची, आजी. तळघरात बटाटे उकडून मुलांना घालणाऱ्या त्याच. लेकीचा आणि त्यांचा अजून आठवड्या-पंधरा दिवसांनी फोन असतो. खार्कीव्हपासून रशियाची सीमा जेमतेम चाळीस किलोमीटर आणि सीमेपलीकडच्या बेल्गोरोदमध्ये या बाईंचा सख्खा भाऊ. आपल्याकडे मिरज आणि बेळगावात जशी सोयरीक, तशीच ही दोन शहरं. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी तळघरातून भावाला फोन लावला, तर तो म्हणाला, ‘घाबरू नकोस, फक्त लष्करी ठिकाणांवरच मारा चालू आहे, टीव्हीवर सांगतायत.’ बाईंनी फोन तळघराच्या दाराबाहेर धरला आणि त्याला आवाज ऐकवला. त्यावर तो गप्प बसला म्हणे.

२१ सप्टेंबर २०२२ ला पुतिन यांनी तीन लाख राखीव सैनिकांना बोलावणं धाडलं. त्यात त्या भावाचा मुलगाही गेला. त्याच भाषणात पुतिन यांनी हाताशी असलेली सगळी साधनं वापरू असं म्हटलं आणि ही पोकळ धमकी नाही असंही बजावलं. जगाने अण्वस्त्रांची धमकी ऐकली. त्या घराने मुलाच्या नावचा कागद पाहिला. त्या हुकमात परत कधी सोडणार याची तारीखच नव्हती. मुलाचा शेवटचा फोन २०२४ च्या उन्हाळ्यातला. भाऊ आता टीव्ही लावत नाही.

साहेब, रशियातल्या साध्या माणसाचा वैताग आपल्यापर्यंत पोचत नाही, कारण तो बोलायला बंदी आहे. मार्च २०२२ पासून सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवण्याला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. अलेक्सेई गोरिनोव्ह हे मॉस्कोच्या एका प्रभागातले नगरसेवक. तिकडे मुलं मरत असताना आपण बालचित्रकला स्पर्धा कशी भरवायची, असं ते प्रभागाच्या बैठकीत म्हणाले. सात वर्षांची शिक्षा झाली. मी स्वतः शाळेत दरवर्षी चित्रकला स्पर्धा भरवते. हे वाचलं त्या वर्षी बक्षिसं देताना माझा हात थरथरत होता.

तरीही बायका बाहेर पडल्या. सैन्यात नेलेल्यांच्या बायका आणि आया डोक्याला पांढरे रुमाल बांधून शनिवारी क्रेमलिनच्या भिंतीजवळ, अनाम सैनिकाच्या स्मारकावर फुलं वाहायच्या. मागणी एकच : आमची माणसं घरी पाठवा. २०२४ च्या मे महिन्यात त्यांच्या संघटनेवर सरकारने ‘परकीय हस्तक’ असा शिक्का मारला. त्याच वर्षी जानेवारीत युद्धविरोधी उमेदवार बोरीस नादेझ्दिन यांच्या अर्जावर सही करायला लोक थंडीत रांगा लावून उभे राहिले. निवडणूक आयोगाने सह्या सदोष ठरवून अर्ज बाद केला.

आणि खर्च? मीडियाझोना ही स्वतंत्र रशियन वृत्तसंस्था आणि बीबीसी यांनी मृत्युलेख, थडगी, स्थानिक बातम्या यांतून नावानिशी मोजलेले मेलेले रशियन सैनिकच दीड लाखांवर गेले आहेत. युक्रेनचे वेगळे. २०२५ च्या रशियन अर्थसंकल्पात जवळपास एक तृतीयांश पैसा सैन्यावर. मध्यवर्ती बँकेचा व्याजदर मध्यंतरी २१ टक्क्यांवर होता. लोणी इतकं महागलं की काही दुकानांत ते चोरीच्या भीतीने कुलूपबंद डब्यात ठेवायला लागले. १ जानेवारी २०२६ पासून तिथला व्हॅट २० वरून २२ टक्के झाला आहे आणि तो मुख्यतः संरक्षणासाठी, असं त्यांच्याच अर्थखात्याने सांगितलं. रशियातलं लोकमत मोजणाऱ्या लेवाडा केंद्राच्या पाहण्यांमध्ये निम्म्याहून जास्त लोक वाटाघाटी करा म्हणतात. पण ज्याने ऐकायचं त्याच्या कानापर्यंत हे जाण्याची वाटच बुजवलेली आहे.

मला सगळ्यात जास्त भीती इथेच वाटते. ज्या युद्धाची किंमत लोकांना परवडत नाही आणि जे थांबवायची सोय लोकांच्या हातात नाही, त्या युद्धात राज्यकर्त्यांकडे दरडावणं तेवढं उरतं. २०२३ मध्ये बेलारूसमध्ये अण्वस्त्रं ठेवण्याची घोषणा, त्याच वर्षी अणुचाचणीबंदी कराराची मान्यता मागे, नोव्हेंबर २०२४ मध्ये अण्वस्त्रं कधी वापरायची याचे नियमच सैल. दोन दिवसांनी द्नीप्रो शहरावर नवं ओरेश्निक क्षेपणास्त्र. अमेरिका आणि रशियाच्या अण्वस्त्रांना मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्ट कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. युक्रेनने मात्र स्वतःकडची सारी अण्वस्त्रं १९९६ पर्यंत रशियाच्याच हवाली केली होती. सीमांचा मान राखू, असं १९९४ च्या बुडापेस्ट करारात रशियाने सही करून सांगितलेलं. हा धडा जगातले बाकीचे देश कसा वाचतील, याची मला काळजी वाटते.

बॉम्ब पडेल की नाही ते मोठ्या लोकांनी ठरवावं. माझ्या डोक्यातून मात्र युक्रेनमधलं झापोरिझ्झिया जात नाही. युरोपातलं सगळ्यात मोठं अणुवीज केंद्र, सहा अणुभट्ट्या. ४ मार्च २०२२ ला, माझी लेक पिसोचिनमध्ये बसची वाट पाहत होती त्याच दिवशी, रशियन सैन्याने ते घेतलं आणि तिथल्या एका इमारतीला आग लागली. आज सगळ्या भट्ट्या बंद आहेत. बंद म्हणजे धोका टळला असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आतलं इंधन बंद भट्टीतही तापत राहतं. त्यावरून सतत पाणी फिरवावं लागतं, त्यासाठी पंप आणि पंपासाठी वीज लागते. युद्धाआधी त्या केंद्राला बाहेरून वीज आणणाऱ्या दहा वाहिन्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दहाव्यांदा सगळी वीज गेली आणि जवळपास महिनाभर तो सगळा डोलारा डिझेल जनरेटरवर चालला. लोडशेडिंगमध्ये आमच्या गावचा पाणीपुरवठा जनरेटरवर चालतो, तेव्हा डिझेल संपलं का म्हणून आम्ही दहादा विचारतो. तिथे तर सहा अणुभट्ट्या होत्या.

आणि तो महिना संपला कसा? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने दोन्ही बाजूंशी बोलून तेवढ्या पट्ट्यात गोळाबार थांबवला. मग दुरुस्तीवाले गेले, तारा जोडल्या आणि वीज आली. मोठा तह होत नसतानाही छोटा होऊ शकतो, याचा हा पुरावा आहे. अख्खं युद्ध थांबवायला मी आपल्याला सांगत नाही. हा छोटा तह कायमचा आणि लेखी करा, एवढंच म्हणते.

या कामाला भारताइतका योग्य देश मला दुसरा दिसत नाही. झापोरिझ्झियाच्या भट्ट्या आणि आपल्या कुडनकुलमच्या भट्ट्या एकाच रशियन घराण्यातल्या, व्हीव्हीईआर-१०००. तिथे काही झालं तर प्रश्न कुडनकुलमलाही विचारले जातील. त्याहून महत्त्वाचं, हा करार कसा पाळायचा ते आपल्याला अनुभवाने माहीत आहे. १९९२ पासून दर १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, मुंबईवर हल्ला झाला, पुलवामा झालं, मे २०२५ मध्ये क्षेपणास्त्रं सुटली. यादी देणं चुकलं नाही. २०२६ च्या १ जानेवारीलाही दिली. वैऱ्याशी बोलणं बंद असतानाही एक कागद जिवंत ठेवता येतो, हे आपण करून दाखवलं आहे आणि त्याबद्दल आपण फारसं बोलतही नाही. मी नववीच्या वर्गात हे सांगते तेव्हा पोरं विश्वास ठेवत नाहीत.

दुसऱ्या मागणीबद्दल. मे २०२५ मध्ये पंतप्रधान म्हणाले की अण्वस्त्रांचा धाक दाखवून चालणार नाही, भारत ते खपवून घेणार नाही. मला ते पटलं. अण्वस्त्रांचा वापर आणि वापराची धमकी अमान्य आहे, हे वाक्य २०२३ च्या दिल्लीच्या जी-२० जाहीरनाम्यात आपल्याच यजमानपदाखाली लिहिलं गेलं. मग ते मॉस्कोचं नाव घेऊन म्हणायला काय हरकत आहे? समरकंदला पंतप्रधानांनी ‘हे युग युद्धाचं नाही’ असं पुतिन यांच्या समोर बसून सांगितलंच होतं की. मैत्रीला तडा गेला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये पुतिन दिल्लीला येऊनही गेले.

तेल घेऊ नका असं मी म्हणणार नाही. डिझेलचा भाव वाढला की द्राक्षबागेला फवारणी महागते, हे मला रोज दिसतं. पण युद्धाआधी दोन टक्केही नसलेली रशियन तेलाची आयात एक तृतीयांशाच्या वर गेली, तर एवढ्या मोठ्या गिऱ्हाईकाला दोन शब्द ऐकवायचा हक्क असतोच. युरोपची दुखणी ही जगाची दुखणी नव्हेत, असं आपण स्लोव्हाकियाच्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हात म्हणालात तेव्हा इकडे अनेकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवू शकले नाही. माझ्या गावच्या वाण्याकडे सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी दर आठवड्याला महागत होती, आणि पुढे नोकरीच्या आमिषाने रशियाला गेलेली आपली पोरं खंदकात सापडली. त्यांतले बारा मेल्याचं आपल्याच खात्याने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. ही दुखणी आता आपलीही आहेत.

सेवेच्या सुरुवातीलाच आपण मॉस्कोला होतात, रशियन शिकलात, आणि आपली डॉक्टरेटसुद्धा अणुराजनयाच्या अभ्यासातली. हे काम आपल्याहून जास्त कुणाला जमेल?

वॉर्डन बाईंनी मध्यंतरी लेकीला एक फोटो पाठवला. त्यांच्याकडे शिवणकामाच्या बटणांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात आता आयोडीनच्या गोळ्यांची पट्टी ठेवलेली. किरणोत्सर्ग झालाच तर घ्यायच्या. शेजारच्या दोन मुलांच्या वाटच्या गोळ्या त्यांनी कात्रीने कापून वेगळ्या ठेवल्यात, वर चिकटपट्टीवर नावं लिहून. ती मुलं शाळेला मेट्रोच्या स्टेशनात जातात, कारण खार्कीव्हमध्ये वर्ग जमिनीखाली भरतात.

रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्हरोव्ह यांच्याशी पुढच्या वेळी बोलाल तेव्हा आपल्या १९८८ च्या कराराची एक प्रत त्यांच्यासमोर ठेवा, आणि तशीच एक कीव्हला पाठवा. या पत्राला उत्तर आलं तर मी ते नववीच्या वर्गात वाचून दाखवीन. हिंदीत असलं तरी चालेल.

आपली,
तासगाव तालुक्यातील एक शिक्षिका
जानेवारी २०२६