सत्तेचाळीस की चौऱ्याहत्तर

सोलापूर,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय व्यंकटेश,

सप्रेम नमस्कार. गणपतीत तुझा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. संध्याकाळी करतो म्हणालो, आणि आता दिवाळी होऊनही महिना झाला. या मौनाबद्दल तू मला चार शब्द सुनावलेस तर मी ते मुकाट्याने ऐकून घेईन. आज मात्र लिहायलाच हवे. ६ तारखेला अक्कलकोट रस्त्यावर जे घडले ते मी घरी सांगितले, कारखान्यात सांगितले, पोलिसांना लिहूनही दिले, आणि तरीही त्यातला खरा भाग सांगायचा राहूनच गेला. तो तुझ्याशिवाय कोणाला कळणारही नाही. प्रकृती ठीक आहे. गुडघा खरचटला होता आणि मनगट सुजले होते, दोन्ही आता बरे आहे. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, तिला आता चांगले दिसते.

मी अजून सायकलनेच कामाला जातो हे तुला ठाऊक आहे. त्या गुरुवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास शांती चौक मागे टाकून मी रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने, डांबर संपून खडी सुरू होते तिथून, चाललो होतो. मागून एक पिकअप सारखा हॉर्न वाजवीत आली. उजवीकडे तिला भरपूर जागा होती आणि समोरून काहीही येत नव्हते. तरीही ती मला घासून गेली, तिचा डावा आरसा माझ्या उजव्या कोपराला लागला, आणि जरा पुढे जाताच चालकाने मुद्दाम गाडी डावीकडे दाबून करकचून ब्रेक लावला. मुद्दाम हा शब्द मी विचार करून लिहीत आहे. शेजारी बसलेल्याने खिडकीतून डोके बाहेर काढून मागे पाहिले, काहीतरी ओरडला, आणि गाडी निघून गेली. मी खडीत पडलो होतो. सदऱ्याच्या बाहीवर आरशाच्या कडेचा काळा पट्टा उमटला होता, जवळजवळ एक वीत लांब. पुरावा म्हणून मी तो सदरा वेगळा काढून ठेवला, आणि संध्याकाळी सुनंदाने काळजीपोटी तो घासून घासून धुऊन टाकला. डाग अगदी स्वच्छ निघाला. ती बिचारी अजून हळहळते.

पाटीवरचे एमएच १३ तेवढे मला दिसले होते. पडलेल्या माणसाचे लक्ष आधी स्वतःच्या हातापायांकडे जाते. तेवढ्यात कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलाकडून आलेल्या दोन बायका टोपल्या खाली ठेवून माझ्याकडे धावल्या. त्यांतल्या थोरलीने मला हात देण्याच्याही आधी त्या गाडीकडे बोट करून मोठ्याने आकडे म्हणायला सुरुवात केली, आणि शेवटी ‘मुप्पै एनिमिदि, मुप्पै एनिमिदि’ असे दोनदा म्हणाली. तुझ्या आईच्या हातचे इतकी वर्षे जेवलो, तेव्हा एवढे तेलुगू मलाही येते. मुप्पै म्हणजे तीस, एनिमिदि म्हणजे आठ. पाटीवर आधी तीन होता आणि मग आठ, आणि ती बाई पाटी जशी लिहिली होती तशीच वाचत होती. मी मात्र मनात अडतीस म्हणालो, म्हणजे आठ आधी आणि तीस नंतर. ते लक्षात आले आणि मी खडीत बसल्या जागी गार पडलो.

१९९४ च्या गड्ड्याच्या जत्रेतून परतताना, रंगभवनापाशी, आपल्या रफिकला उडवून गेलेल्या त्या जीपची पाटी आपण दोघांनीही पाहिली होती. मी म्हणालो सत्तेचाळीस, तू म्हणालास चौऱ्याहत्तर. ‘आधी तुमचे तुम्ही ठरवा, मग या,’ असे सांगून ठाण्यातल्या हवालदारांनी आपल्याला बाहेर काढले, आणि बाहेर पायरीवर आपण ठरवण्याऐवजी भांडत बसलो. मी तुला काय म्हणालो ते तू विसरला नसशील. घरी तेलुगू बोलणाऱ्याला मराठी आकडे कसे कळणार, असे मी म्हणालो होतो. व्यंकटेश, तुला पाटीवर आधी चार दिसला म्हणून तू ‘चौ’ने सुरू होणारा शब्द उचललास, कारण तुमच्या भाषेत आकडा दिसतो त्याच क्रमाने बोलला जातो. मी मराठीच्या रीतीने सात आधी उच्चारला आणि चाळीस नंतर. आपण एकच पाटी पाहिली होती आणि तू ती बरोबर पाहिली होतीस. चार, सात, असे दोन सुटे आकडे कोणीतरी म्हटले असते तर तो जीपवाला नक्की सापडला असता आणि रफिकच्या अब्बांना माग विकावा लागला नसता, असे मी म्हणत नाही. कागदावर एक नंबर तरी पडला असता. एकतीस वर्षे मी तुझे चुकले असे समजत राहिलो आणि चारचौघांत ते सांगतही राहिलो, याची मला फार लाज वाटते.

गड्ड्यातल्या त्या भाड्याच्या सायकलला घंटी नव्हती म्हणून तू दांडीवर बसून साऱ्या होम मैदानभर ‘ट्रिंग ट्रिंग’ ओरडत होतास आणि लोक हसत हसत वाट देत होते, तेही आठवले. वाकलेल्या चाकाचे पैसे तू एकट्याने भरलेस असे तू आजही सांगतोस. त्यात माझे अकरा रुपये होते, हे मी पुन्हा एकदा नोंदवून ठेवतो.

या वेळी मी उठलो तो आधी फोन काढला आणि त्या अक्कांकडून सगळा नंबर पुन्हा ऐकून, एकेक आकडा सुटा म्हणत, माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवला. मग वेळ, जागा, गाडीचा रंग, मागच्या फळीवरची अक्षरे. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न आला, ‘लागले किती?’ खरचटले आहे म्हटल्यावर अंमलदारांनी पेन खाली ठेवले. माणूस वाईट नव्हता, त्यांनी मला चहा पाजला, आणि या वयात सायकल सोडून एखादी दुचाकी घ्या असा सल्लाही मनापासून दिला. पण माझ्या घासलेल्या कोपरावरचा उपाय म्हणून मीच रस्ता सोडावा, हे मला चहाबरोबर गिळता आले नाही.

रात्री बसून कायदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून नेला. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम २७९ च्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ आले आहे, आणि त्यात कोणाला लागलेच पाहिजे अशी अट नाही. माणसाच्या जिवाला धोका होईल किंवा दुखापत होण्याचा संभव असेल अशा बेदरकारपणे सार्वजनिक रस्त्यावर वाहन हाकणे, एवढ्यानेच तो गुन्हा पुरा होतो. मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ हेही धोकादायक चालवण्याविषयीच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मला सर्वांत उपयोगी पडले ते कलम १३३. नंबरावरून मालक सापडतो, चालक सापडत नाही, आणि मालक हमखास म्हणतो की त्या दिवशी गाडीवर कोण होते ते आठवत नाही. या कलमानुसार पोलिसांनी विचारल्यावर चालकाचे नाव-पत्ता सांगणे मालकाला बंधनकारक आहे. हे सारे मी अर्जात ओळीने लिहिले, दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतला, आणि मगच घरी आलो. महाट्रॅफिक अॅपवरूनही तक्रार पाठवता येते, पण त्यासाठी फोटो हवा, आणि खडीत पडलेला माणूस फोटो कुठून काढणार?

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असा केंद्र सरकारच्या अहवालातला आकडा आहे. त्यांची मोजदाद होते, कारण प्रेत पडते आणि पंचनामा होतो. एका वितीने वाचलेला सायकलवाला मात्र कोणत्याही कागदावर नसतो. म्हणून मी तो अर्ज एवढ्या हट्टाने दिला.

आता मुख्य काळजी सांगतो. दहा दिवसांनी गाडीचा मालक कारखान्यात आला आणि आमच्या शेठना भेटला. सोबत त्या चालक मुलालाही आणले होते. वय असेल बावीस-तेवीस, एका चपलेचा अंगठा तारेने बांधलेला. शेठच्या खोलीत आम्हां दोघांना समोरासमोर उभे केले गेले. मुलगा म्हणाला, ‘काका, तुम्ही दिसलाच नाहीत.’ मी विचारले, ‘मग हॉर्न कोणाला वाजवीत होतास?’ तो गप्प झाला, खाली पाहत राहिला, आणि थोड्या वेळाने अगदी हळू म्हणाला, ‘दहाच्या आत दोन खेपा लागतात.’ त्या वाक्यावर मालकाने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. अर्ज मागे घेण्यासाठी मालक सायकलची भरपाई द्यायला तयार आहे. शेठचे म्हणणे, मिटवून टाका, रोजचा संबंध आहे, त्यांच्या गाड्या आपलाच माल नेतात. इतकी वर्षे ज्यांचे हिशेब लिहिले त्यांचा शब्द मोडणे सोपे नाही.

रात्री झोप लागत नाही तेव्हा आणखी एक विचार छळतो. मी या मुलाविरुद्ध अर्ज दिला आहे की १९९४ च्या त्या जीपवाल्याविरुद्ध? हा मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याने मुद्दाम ब्रेक लावला हे खरे आहे आणि त्याबद्दल त्याला जबाबदार धरलेच पाहिजे, पण खेपांचा हिशेब लावणारा दुसराच आहे आणि तो भरपाईची भाषा बोलत आहे. त्या अक्का साक्षीला यायला तयार आहेत, पण ठाण्यात गेलेला दिवस म्हणजे हजार विड्यांची मजुरी बुडाली, आणि ती मी भरून देतो म्हटल्यावर त्या रागावल्या. ‘आम्ही काय विकत घेतलेले साक्षीदार?’ असे त्यांनी मला विचारले. मी माफी मागितली.

मध्यंतरी एके ठिकाणी वाचले की इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलंड्सच्या पोलिसांनी २०१६ साली साध्या वेशातले पोलिस सायकलवर पाठवले आणि फार जवळून जाणाऱ्या चालकांना अडवून, रस्त्यावर अंथरलेल्या चटईवर दीड मीटर अंतर म्हणजे किती ते दाखवले. तू मागवाला आहेस, तुला मीटर सांगण्यापेक्षा कापडाच्या पन्ह्यात सांगतो. साठ इंची पन्ह्याची चादर सायकल आणि गाडी यांच्यामध्ये आडवी धरली की जवळजवळ तेवढेच अंतर होते. जे शहर चादरीच्या नावाने ओळखले जाते तिथल्या रस्त्यावर सायकलवाल्याला एका चादरीच्या पन्ह्याएवढी जागा मिळू नये, हे मला मनापासून बोचते.

अर्ज मी मागे घेणार नाही, एवढे ठरले आहे. मंगळवारी पुरवणी जबाब देणार आहे. त्यात त्या मुलाचे खेपांविषयीचे वाक्य जसेच्या तसे लिहीन, आणि कायद्यात परवाना काही काळ रोखून चालकाला पुन्हा प्रशिक्षणाला पाठवण्याची जी तरतूद आहे ती त्याच्यासाठी वापरावी, अशी विनंती करीन. शेठना उद्या सकाळी स्वतः भेटून हे सांगेन. रफिककडे सायकल दुरुस्तीला नेली तेव्हा त्याने वाकलेला फोर्क सरळ केला, पैसे घेतले नाहीत, आणि सगळे ऐकून एवढेच विचारले, ‘नंबर घेतलास ना रे?’

भिवंडीत तुझे चार माग बंद ठेवावे लागले असे श्रीनिवासकडून कळले. त्याविषयी सविस्तर भेटीतच बोलू. धाकटीचे बारावीचे वर्ष आहे, तिला माझा आशीर्वाद सांग, आणि वहिनींना नमस्कार. संक्रांतीला गड्ड्याला याच, रफिकलाही तसे सांगून ठेवले आहे.

मंगळवारच्या आधी एक काम कर. त्या रात्री रंगभवनापाशी तुला पाटीवर काय दिसले होते, ते एका ओळीत मला लिहून पाठव. तेलुगूत लिही, पण देवनागरी अक्षरांत, म्हणजे मला वाचता येईल.

तुझा,
दिगंबर