आकडे पडले म्हणजे वाचक पडले असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली तुमच्या पेपरात आणि इतरही पेपरांत अधूनमधून एक बातमी हमखास असते, की एआयमुळे वेबसाईटचं ट्रॅफिक पार बसलं, आता वेबसाईट काढण्यात काही राम नाही वगैरे. मी मिरजेत छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाईट बनवतो आणि सांभाळतो, त्यात दुकानदार आहेत, सतार-तंबोरे बनवणारे आहेत, कोकणातले लॉजवाले आहेत, आणि अशी बातमी आली की यांचे फोन सुरू होतात. बातमी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय. एक, लोक खरंच कमी क्लिक करतायत. दोन, मोजायची पद्धतच गेल्या दोन-तीन वर्षांत कितीदा तरी बदललीय. आणि ही दुसरी गोष्ट मराठीत कुणी छापतच नाही म्हणून हे लांबलचक पत्र, जागा नसेल तर कापा, पण मधला भाग ठेवा.

सप्टेंबर २०२५ चंच घ्या. त्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जगभरच्या वेबसाईटवाल्यांनी गूगल सर्च कन्सोल (आपली साईट गूगलवर कशी दिसते ते साईटवाल्याला दाखवणारं गूगलचं फुकट टूल) उघडलं आणि बघतात तर इम्प्रेशनचा ग्राफ कड्यावरून खाली. म्हणजे आपली लिंक सर्चमध्ये किती वेळा दिसली तो आकडा. बऱ्याच जणांना घाम फुटला. पण गंमत म्हणजे क्लिक होते तेवढेच होते, आणि ॲव्हरेज पोझिशन, म्हणजे रिझल्टमधला सरासरी नंबर, उलट सुधारलेली! आता साईट कमी दिसायला लागली आणि त्याच दिवशी नंबर पण वर आला, हे कसं काय? तर झालं असं, की आधी गूगलच्या पत्त्याच्या शेवटी एक छोटासा कोड जोडला की एका पानावर दहाऐवजी शंभर रिझल्ट यायचे. माणसं हे क्वचितच वापरायची, पण कुठल्या शब्दावर कुणाचा नंबर कितवा हे तपासणारी जी टूल्स असतात त्यांचे बॉट (माणसाऐवजी आपोआप पानं उघडणारे प्रोग्रॅम) दिवसरात्र हेच करत बसायचे. बॉटने शंभरचं पान उघडलं की ऐंशीव्या नंबरवरच्या बिचाऱ्या साईटच्या खात्यात पण एक इम्प्रेशन जमा. गूगलने तो कोड चालणं बंद केलं, बॉटची ती पानं थांबली, आणि त्यांच्या जिवावर फुगलेले आकडे एका झटक्यात बसले. वाचक कुठेच गेला नव्हता, कारण तो वाचक कधी नव्हताच.

आता मला सांगा, ज्यांनी त्या आधीच्या वर्षभरात "आमच्या साईटची इम्प्रेशन वाढली" म्हणून क्लायंटला रिपोर्ट दिले आणि पैसे घेतले, त्यांचं काय? त्याच काळात एआयच्या उत्तरांमुळे "इम्प्रेशन वाढतात, क्लिक कमी होतात" असा सिद्धांत पण मांडला जात होता, त्यातला किती भाग खरा आणि किती भाग बॉटचा हे आता सुटं करून सांगता येणं कठीण आहे. ॲनालिटिक्सच्या, म्हणजे साईटवर कोण येतं-जातं ते मोजायच्या, धंद्यातले भले भले तेव्हा बुचकळ्यात पडले होते, मग सांगली-मिरजेतल्या दुकानदाराने काय समजायचं.

बरं, एआयचा परिणाम नाहीच असं पण नाही. गूगलने एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे रिझल्टच्या वर एआयने लिहिलेला सारांश, अमेरिकेत मे २०२४ मध्ये आणलं, भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये, आणि २०२५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात एआयशी गप्पा मारत शोधायचा एआय मोड पण आला. आता वरच आयतं उत्तर मिळतंय तर खाली कोण जाणार? अमेरिकेतल्या प्यू रिसर्च या संशोधन संस्थेने मार्च २०२५ मध्ये नऊशे लोकांचं ब्राउझिंग बघितलं, त्यात वर एआयचा सारांश असेल तर साध्या लिंकवर क्लिक व्हायचं प्रमाण ८ टक्के निघालं आणि सारांश नसेल तर १५ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मं. सारांशाच्या आत ज्या लिंक देतात त्यावर तर फक्त १ टक्का. गूगलला ही पद्धत मान्य नाही, त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की सर्चमधून वेबसाईटना जाणारे एकूण क्लिक मागच्या वर्षीइतकेच साधारण स्थिर आहेत. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हेही लक्षात घ्या, एकूण बेरीज तेवढीच राहून एकाचे क्लिक दुसऱ्याकडे गेले तरी बेरीज तेवढीच.

माझ्या बघण्यातलं सांगतो. "अमुक सणाला काय करतात", "तमुक योजनेला कागदपत्रं कोणती" अशा प्रश्नांवर जगणाऱ्या साईटना खरा मार बसलाय, कारण ते उत्तर चार ओळीत संपतं. पण ज्याला तंबोरा विकत घ्यायचाय त्याला फोटो बघायचाय, किंमत विचारायचीय, फोन लावायचाय, तो सारांश वाचून थांबत नाही. त्यामुळे "वेबसाईट मेली" असं सरसकट म्हणणं चूक आहे, कुठली वेबसाईट हे आधी विचारायला पाहिजे.

आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट ही, की एआय ओव्हरव्ह्यूमधून किती क्लिक आले आणि साध्या लिंकवरून किती, हे सर्च कन्सोल वेगळं दाखवतच नाही. सगळं "वेब" या एकाच टोपलीत. त्या सारांशात पाच-सात लिंक असतील तर सगळ्यांची पोझिशन पण एकच धरतात. मग बातमीदार जेव्हा लिहितो की एआयमुळे इतके टक्के गेले, तेव्हा त्याला विचारा बाबा हे तू कुठून वेगळं काढलंस? बऱ्याचदा बाहेरच्या कुठल्यातरी टूलचा अंदाज असतो, आणि ती टूल्स म्हणजे वर सांगितलेले तेच बॉटवाले.

दूध डेअरीवर ज्यांनी दूध घातलंय त्यांना हे लगेच कळेल. दूध घेणार तोच, फॅट काढणार तोच आणि दर लावणार पण तोच. सर्च गूगलचं, जाहिरात गूगलची, मोजणारं ॲनालिटिक्स गूगलचं. मशीन खोटं आहे असा आरोप मी करत नाहीये, मी स्वतः रोज तेच वापरतो कारण फुकट आहे आणि चांगलं आहे, पण मशीन बदललं की निदान गवळ्याला सांगायला तर पाहिजे की कालचा फॅट आणि आजचा फॅट एका वहीत मांडू नकोस.

हे मशीन कसं बदललं ते पण थोडं सांगतो. गूगलने २००५ मध्ये अर्चिन नावाची कंपनी घेतली आणि त्याच वर्षी गूगल ॲनालिटिक्स सुरू केलं (वाचक कुठून आला ते कळावं म्हणून लिंकच्या शेपटीला यूटीएम असतं ना, त्यातला यू म्हणजे हाच अर्चिन). पुढे जे युनिव्हर्सल ॲनालिटिक्स सगळ्यांच्या अंगवळणी पडलं ते १ जुलै २०२३ ला मोजायचं थांबलं आणि १ जुलै २०२४ पासून जुना डेटा बघायची सोय पण गेली. ज्यांनी उतरवून ठेवला नाही त्यांचा इतिहास साफ! आता जे जीए फोर (गूगल ॲनालिटिक्सची चौथी आवृत्ती) आहे त्यात हिशोबच निराळा. आधी माणूस एकच पान वाचून गेला तर तो बाउन्स, म्हणजे आला तसा परत गेला असा हिशोब, मग त्याने ते पान अर्धा तास वाचलेलं असलं तरी. आता दहा सेकंदांच्या वर थांबला तरी तो एंगेज्ड, म्हणजे रमलेला, बाउन्स नाही. आधी युजर म्हणजे एकूण युजर असायचे, आता समोर दिसतात ते ॲक्टिव्ह युजर. म्हणून २०२२ चा बाउन्स रेट आणि २०२५ चा बाउन्स रेट शेजारी ठेवून "आमचे वाचक आता जास्त रमतात" म्हणणं म्हणजे निव्वळ थापा. आणि जाता जाता, जीए फोर वापरणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन डेटा रिटेन्शन (तपशील किती दिवस साठवायचा ते) दोन महिन्यांवरून चौदा महिन्यांवर करून ठेवा, आपोआप दोनच महिने असतं, मग खोलात जाऊन मागचं वर्ष बघायला गेलात की हाती काही लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ साईटवर हे केलेलं नसतं.

मराठी साईटचं दुखणं अजून वेगळं. सर्च कन्सोल अगदी थोड्या लोकांनी विचारलेला शब्द प्रायव्हसीच्या नावाखाली दाखवत नाही. हे योग्यच आहे म्हणा. पण आपल्याकडे एकच गोष्ट एकजण देवनागरीत "सतार किंमत" टाकतो, दुसरा तेच मराठी इंग्रजी अक्षरांत टाकतो, तिसरा ऱ्हस्व-दीर्घ गडबड करून टाकतो, चौथा सरळ इंग्रजीत विचारतो, आणि पाचवा फोनला तोंडाने सांगतो. एका मागणीचे पाच तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा त्या मर्यादेच्या खाली गेला की पाचही गायब. क्लिकची बेरीज दिसते, पण लोकांनी काय विचारलं ते दिसत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने सारख्या अर्थाचे शब्द एकत्र करून दाखवायची सोय आणली, पण ती ज्यांच्याकडे भरपूर क्वेरी (लोकांनी शोधलेले शब्द) येतात त्यांनाच. म्हणजे जिथे अंधार तिथे दिवा नाहीच.

त्यात व्हॉट्सॲप. मराठी माणूस लेख वाचतो तो निम्म्याहून जास्त वेळा ग्रुपवर आलेल्या लिंकवरून वाचत असणार असा माझा अंदाज आहे, आणि ॲपमधून उघडलेली ती लिंक बहुतेक वेळा "डायरेक्ट" म्हणून पडते, जणू काही तो आपला पत्ता तोंडपाठ करून आलाय. चॅटजीपीटी निदान त्याच्या बऱ्याच लिंकना स्वतःचं नाव चिकटवून पाठवतं त्यामुळे ते ओळखू येतं. मे २०२५ मध्ये तर गूगलच्या एआय मोडमधून आलेले लोकच कुठून आले ते कळत नव्हतं, नंतर ते चुकून झालं होतं म्हणून गूगलने दुरुस्त केलं.

युनिक युजर या शब्दावर तर माझा अजिबात विश्वास राहिलेला नाही. युनिक युजर म्हणजे माणूस नसतो हो, एका ब्राउझरमधली कुकी, म्हणजे साईटने ओळखीसाठी ठेवलेली छोटी चिठ्ठी, असते. आयफोनच्या सफारीत अशी कुकी बऱ्याचदा सात दिवसांत पुसली जाते, म्हणजे दर दहा दिवसांनी येणारा तुमचा जुना वाचक दर वेळी नवा. आणि घरात एकच फोन आणि चार माणसं असतील तर चौघांचा मिळून एक. वरून २०२५ च्या शेवटी शेवटी बऱ्याच साईटवाल्यांना चीनच्या लांझो आणि सिंगापूरवरून शेकड्याने "वाचक" दिसायला लागले, मराठी साईटवर लांझोचे वाचक, जे येतात, काहीच करत नाहीत आणि जातात. हे पण युजरमध्येच धरले जातात.

उलट जे खरंच येऊन सगळी साईट वाचून जातात ते ॲनालिटिक्समध्ये दिसतच नाहीत. एआय कंपन्यांचे क्रॉलर (साईटी वाचून माहिती गोळा करणारे बॉट), जीपीटीबॉट वगैरे, मोजणारी स्क्रिप्ट बहुतेक चालवतच नाहीत. ते बघायचे तर सर्व्हरचा लॉग, म्हणजे साईटवर कोण आलं-गेलं त्याची नोंदवही, उघडावा लागतो, होस्टिंगच्या पॅनलमध्ये एडब्ल्यूस्टॅट्स नावाचं जुनंपुराणं टूल असतं ते उघडा, दिसायला गावठी आहे पण बॉटची हजेरी त्यात लागते. साईटींची सुरक्षा सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने १ जुलै २०२५ पासून नवीन साईटना असे क्रॉलर आपोआप अडवायची सोय दिली आणि क्रॉल करायचं तर पैसे मोजा अशी योजना पण सुरू केली. अडवावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, सतारवाल्यांना मी अडवू नका म्हणतो कारण त्यांना नाव पोचायला हवंय, पण ज्याचा लेख हाच माल आहे त्याने विचार करावा.

आता हे सगळं पेपरला का लिहितोय, तर पैसा याच आकड्यांवर वाटला जातो. केंद्र सरकारच्या २०२३ च्या डिजिटल जाहिरात धोरणात पण वेबसाईटचे युनिक युजर बघितले जातात. छापील पेपरच्या खपासाठी १९४८ पासून एबीसी (ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स) आहे, बाहेरचे ऑडिटर येऊन दर सहा महिन्यांचा खप तपासतात, त्यावर कुणी काहीही म्हणो पण निदान तिऱ्हाईत आहे. वेबसाईटच्या रँकसाठी लोक अलेक्साचं नाव घ्यायचे (बोलणारा स्पीकर नव्हे, साईटींना रँक देणारी सेवा), तो तर ज्यांनी त्यांचा टूलबार वगैरे टाकलाय त्यांच्यावरून केलेला अंदाज होता आणि १ मे २०२२ ला ते दुकान पण ॲमेझॉनने बंद केलं. मोठ्या पोर्टलना कॉमस्कोरसारखी पैसे घेऊन वाचक मोजून देणारी बाहेरची कंपनी परवडते, तालुक्याच्या न्यूज साईटवाल्याने काय करायचं?

म्हणून विनंती एवढीच, की तुमच्या पेपरात जेव्हा कुठल्याही वेबसाईटचा आकडा छापाल, अगदी तुमच्या स्वतःच्या पोर्टलचा "महिन्याला इतके कोटी" असा बॉक्स टाकाल तेव्हा सुद्धा, त्याच्याखाली बारीक अक्षरात का होईना लिहा, की हे युजर आहेत की पेजव्ह्यू (उघडलेली पानं) की इम्प्रेशन, कुठल्या महिन्याचे, आणि कुठल्या टूलमधून काढले. आणि घसरणीची बातमी असेल तर तुलना सप्टेंबर २०२५ च्या आधीच्या इम्प्रेशनशी केलीय का, तेवढं बातमीदाराला एकदा विचारून घ्या.

आपला,
एक वाचक, मिरज