साखर नको, ग्लुकोज ठेवा

महोदय,
पुरवणीतला उपवास आणि डायबेटिसचा लेख आवडला, पण शुगर उतरली की 'साखर किंवा गूळ खा' हा सल्ला सगळ्यांना चालत नाही. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या डायबेटिसच्या एकाच गोळीत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज ही तीन औषधं असतात, त्यातलं ग्लिमेपिराइड रिकाम्या पोटी शुगर ७० च्या खाली नेऊ शकतं आणि व्होग्लिबोज नेमकं घरातल्या साखर-गुळाचंच पचन लांबवतं, म्हणजे इकडे घाम फुटलाय, हात थरथरतायत आणि गुळाचा खडा पोटात नुसताच पडून. अशांना न पचवता थेट रक्तात जाणारी, मेडिकलमधली ग्लुकोज पावडरच हवी, साधारण १५ ग्रॅम पाण्यातून, तेही माणूस शुद्धीवर असेल तरच. स्ट्रिपवरची नावं भिंगाशिवाय दिसत नाहीत (कंपन्यांना कोण सांगणार!), तेव्हा निदान तुम्ही तरी ती ठळक छापा.

– एक वाचक, सातारा