एका दिवसात केस जोडायला शिकता येत नाही

संपादक महोदय,

पार्लर व्यवसायातल्या नव्या संधींवरचा तुमच्या रविवार पुरवणीतला लेख वाचला, त्यात हेअर एक्स्टेन्शनच्या, म्हणजे स्वतःच्या केसांना वरून जादा केस जोडण्याच्या, एक दिवसाच्या कोर्सचं जे कौतुक केलंय ते मला अजिबात पटलं नाही.

मी बरीच वर्षं पार्लर चालवतेय आणि असाच कोर्स मीही केला होता, दुपारपर्यंत डमीच्या डोक्यावर चार टेप, म्हणजे जोडकेसांच्या चिकटपट्ट्या, लावल्या आणि संध्याकाळी सर्टिफिकेट हातात, काढायचं कसं हे कुणी शिकवलंच नाही! खरं कसब तर तिथेच लागतं. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे जोड मुळापासून खाली सरकतो, गुंता होतो, म्हणून टेप 6 ते 8 आठवड्यांनी रिमूव्हरने हळूच सोडवून परत लावावी लागते.

मध्यंतरी एक नवी नवरी माझ्याकडे आली, कानामागे रुपयाएवढी जागा पार मोकळी, तिच्या बारीक केसांना कुणीतरी जड बाँड, म्हणजे गोंदासारख्या पदार्थाने चिकटवलेले जोडकेसांचे झुपके, लावले होते. आरशात बघून रडायलाच लागली. सतत ताण पडून असे केस जातात त्याला डॉक्टर ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात, वेळेत थांबवलं नाही तर तिथे केस परत येतही नाहीत.

आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड 1 वर्षाचा असतो. मग निदान खऱ्या माणसांवर सराव, पॅच टेस्ट (आधी त्वचेवर थोडं लावून ॲलर्जी येते का ते बघणं), आणि लावलेलं दोन महिन्यांनी स्वतः काढून दाखवणं, एवढं झाल्याशिवाय कुणालाही सर्टिफिकेट देऊ नका.

– एक पार्लरचालक, नाशिक